“झालंच आहे, थोडंसं राहिलंय”: कामे नव्वद टक्क्यांवर अडकून राहण्याच्या समस्येचे निदान आणि उपाय

लक्षणे

सॉफ्टवेअर टीमच्या सोमवारच्या आढावा बैठकीत विचारले तर काम नव्वद टक्के झालेले असते. पुढच्या सोमवारी विचारले तरी ते नव्वद टक्केच असते आणि त्याच्या पुढच्या सोमवारी फार तर पंच्याण्णव. “कोड लिहून झाला आहे, फक्त टेस्टिंग बाकी आहे” किंवा “फक्त मर्ज करायचे (नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळायचे) राहिले आहे” असे उत्तर मिळते. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो, तरीही रिलीजच्या तारखेला ते काम हाती येत नाही. स्प्रिंट, म्हणजे कामाची ठरलेल्या मुदतीची फेरी, संपते तेव्हा कामांच्या बोर्डावरच्या ‘चालू’ या रकान्यात दहा-बारा कार्डे (एक कार्ड म्हणजे एक काम) उरलेली असतात, ती जशीच्या तशी पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जातात आणि नव्या कामांची भर पडून रकाना आणखी लांबतो. असे एखाद्या वेळी घडले तर अंदाज चुकला असे म्हणून पुढे जाता येते. पण दर स्प्रिंटला घडत असेल, माणसे बदलली तरी घडत असेल आणि हुशार, कष्टाळू माणसांच्या टीममध्येही घडत असेल, तर दोष माणसांत नसून काम एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाण्याच्या पद्धतीत आहे असे धरून तो शोधायला हवा.

ही तक्रार जुनी आहे. बेल लॅब्स या अमेरिकी संशोधन संस्थेतील टॉम कारगिल यांचे एक निरीक्षण संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी १९८५ मध्ये आपल्या प्रोग्रामिंगवरील सदरात दिले होते. त्याचा आशय असा, की पहिल्या नव्वद टक्के कोडला ठरलेल्या वेळेपैकी नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्के कोडला आणखी नव्वद टक्के. हे निरीक्षण बहुतेक वेळा प्रोग्रामरच्या आशावादी स्वभावावर बोट ठेवण्यासाठी सांगितले जाते. माझ्या मते त्याचा अधिक उपयुक्त अर्थ वेगळा आहे: त्या दुसऱ्या नव्वद टक्क्यांतला मोठा भाग कामाचा नसतोच, तो वाट पाहण्याचा असतो. काम कोणाच्या तरी टेबलावर पडून असते आणि बोर्डावर मात्र ते ‘चालू’ दिसते. हे एकदा मोजून पाहिले, की उपायांची दिशाच बदलते.

निदानाआधी काय करू नये

कामे अडकू लागली की तीन गोष्टी हमखास केल्या जातात: रोजच्या बैठका वाढवल्या जातात, माणसे वाढवली जातात किंवा जादा तास बसण्यास सांगितले जाते. बैठका वाढवल्याने अडकलेल्या कामाची माहिती अधिक वेळा मिळते, काम मात्र सुटत नाही. माणसे वाढवण्याबद्दल आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच इशारा दिला होता, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे घातली तर उशीर आणखी वाढतो. कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपापसात बोलण्याच्या जोड्या झपाट्याने वाढतात. पाच जणांच्या टीममध्ये अशा जोड्या १० होतात, दहा जणांच्या टीममध्ये ४५. जादा तासांनी कोड लिहिण्याचा वेग काही दिवस वाढेलही, परंतु अडथळा रिव्ह्यूत (दुसऱ्याने कोड वाचून तपासण्यात) किंवा टेस्टिंगमध्ये असेल तर त्या अडथळ्यासमोरचा ढीग तेवढा मोठा होईल.

तपासणी: एका कार्डाचा माग काढावा

पहिली पायरी म्हणून नुकतेच बंद झालेले, पण बराच काळ रेंगाळलेले एक कार्ड निवडावे आणि ते सुरू झाल्यापासून संपेपर्यंत प्रत्येक दिवशी कोणाकडे होते याचा माग काढावा. जिरासारख्या कामे नोंदवण्याच्या साधनात स्टेटस कधी बदलले याचा इतिहास असतो, कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाच्या, वेळा असतात आणि पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) कधी उघडली, पहिली टिप्पणी कधी आली, मर्ज कधी झाले हेही नोंदलेले असते. या तिन्ही नोंदी एका कागदावर एकत्र मांडल्या की चित्र स्पष्ट होते. मांडणी कशी करायची ते एका कल्पित कामावरून पाहू.

समजा, एका अहवालाच्या स्क्रीनवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी निवड देण्याचे काम आहे. पहिल्या दिवशी सकाळी ते सुरू होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोड पूर्ण होतो आणि कार्डावर ‘९० टक्के’ अशी नोंद पडते. इथवर १२ तासांचे काम झाले. तिसऱ्या दिवशी पुल रिक्वेस्ट उघडली जाते. रिव्ह्यू करणारा दुसऱ्या तातडीच्या कामात असल्याने पहिली टिप्पणी पाचव्या दिवशी येते. तासाभराच्या त्या रिव्ह्यूत सुचवलेल्या दुरुस्त्यांना सहाव्या दिवशी दोन तास लागतात, दुसरा रिव्ह्यू आठव्या दिवशी अर्ध्या तासात होतो, पण तोवर मुख्य ब्रँच (टीमची सामाईक कोडप्रत) पुढे सरकलेली असल्याने कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल, सोडवण्यात एक तास जातो. टेस्ट सर्व्हर दुसऱ्या टीमने अडवलेला असतो, तो अकराव्या दिवशी मिळतो. दोन तास तपासल्यावर टेस्टरच्या लक्षात येते, की निवडलेल्या शेवटच्या तारखेच्या नोंदी अहवालात येतच नाहीत. कारण साधे असते: शेवटची तारीख कोडमध्ये त्या दिवसाच्या मध्यरात्रीचे ००:०० अशी धरली गेली होती, त्यामुळे तो संपूर्ण दिवस निवडीबाहेर पडला. ‘दुसऱ्या दिवसाच्या आरंभापूर्वीच्या सर्व नोंदी’ अशी अट लिहून तासाभरात दुरुस्ती होते, तेराव्या दिवशी अर्ध्या तासाचा पुन्हा रिव्ह्यू होतो, चौदाव्या दिवशी तासभर फेरतपासणी होऊन कार्ड बंद होते.

आता बेरीज करावी. प्रत्यक्ष काम १२, १, २, अर्धा, १, २, १, अर्धा आणि १ असे एकूण २१ तास झाले. आठ तासांचे चौदा कामकाजी दिवस म्हणजे ११२ तास. काम १९ टक्क्यांच्या आसपास आणि वाट पाहणे ८१ टक्के. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे काम ‘नव्वद टक्के’ म्हणून सांगितले गेले ते श्रमांच्या हिशेबाने ५७ टक्के आणि दिवसांच्या हिशेबाने जेमतेम १४ टक्के झालेले होते. सांगणाऱ्याने आपल्या वाट्याच्या कामाचे उत्तर दिले होते, विचारणाऱ्याला मात्र सगळ्या कामाचे उत्तर हवे होते.

असाच माग आणखी आठ-दहा कार्डांचा काढावा. त्यात कोणता थांबा वारंवार येतो ते पाहावे: रिव्ह्यूची वाट, टेस्ट सर्व्हरची वाट, दुसऱ्या टीमच्या उत्तराची वाट, क्लायंटच्या होकाराची वाट, की तपासणीत नापास होऊन मागे येणे. जो थांबा सर्वात जास्त दिवस खातो तिथूनच सुरुवात करावी. एकाच वेळी सगळे बदलायला घेतले तर कशामुळे काय सुधारले हे कळत नाही आणि टीमही थकते.

कारण पहिले: एकाच वेळी फार कामे उघडी असणे

माग काढल्यावर थांबे कुठलेही दिसोत, बहुतेक टीममध्ये त्यांच्या मुळाशी उघड्या, म्हणजे सुरू झालेल्या पण न संपलेल्या, कामांची मोठी संख्या असते. रांगांच्या गणिताचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागू पडतो: स्थिर चाललेल्या व्यवस्थेत उघड्या कामांची सरासरी संख्या ही कामे पूर्ण होण्याच्या गतीला एका कामाच्या सरासरी कालावधीने गुणल्यावर येते. टीम आठवड्याला ६ कामे पूर्ण करत असेल आणि २४ कामे उघडी असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागणारच, मग कोणी कितीही धावपळ करो. गती तीच ठेवून उघडी कामे १२ वर आणली तर कालावधी २ आठवड्यांवर येतो. प्रत्यक्षात गती तशीच राहत नाही, किंचित वाढते, कारण अर्धवट सोडलेले काम पुन्हा डोक्यात आणण्यात जाणारा वेळ वाचतो.

उपाय म्हणून ‘चालू’, ‘रिव्ह्यू’ आणि ‘टेस्टिंग’ या प्रत्येक रकान्यावर कमाल संख्या लिहावी. सुरुवातीला उघड्या कामांची एकूण मर्यादा टीममधील माणसांच्या संख्येइतकी ठेवली तरी चालते, पुढे अनुभवाने ती कमी करता येते. मर्यादा भरली असेल तर नवे कार्ड उघडायचे नाही. ज्याचे हात मोकळे आहेत त्याने बोर्डाच्या उजव्या टोकापासून सुरुवात करून आधी टेस्टिंगला मदत करायची, मग रिव्ह्यू करायचा आणि त्यानंतरच नवे काम घ्यायचे. प्रोग्रामरने टेस्टिंगला हात लावणे अनेकांना सुरुवातीला रुचत नाही, पण आपल्याच टीमचा कोड तपासताना जे कळते ते पुढचा कोड लिहिताना उपयोगी पडते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

इथे विरोध वरून येतो. “माणूस रिकामा बसलेला परवडणार नाही” असे मॅनेजरला वाटते आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु रांगांचे गणित वेगळे सांगते. कामे अनियमित अंतराने येत असतील आणि त्यांचा आकारही कमी-जास्त असेल, तर एका काम करणाऱ्याच्या साध्या प्रतिमानात सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या किती पट होते ते पाहावे: तो माणूस ८० टक्के व्यस्त असताना चार पट, ९० टक्क्यांना नऊ पट आणि ९५ टक्क्यांना एकोणीस पट. म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्या वरिष्ठ प्रोग्रामरचा दिवस काठोकाठ भरून ठेवला, की त्याच्याकडे जाणारे तासाभराचे काम दोन-दोन दिवस थांबणे अटळ होते. प्रत्येक जण पूर्ण व्यस्त असणे आणि काम वेळेत पूर्ण होणे ही दोन उद्दिष्टे एकत्र साधत नाहीत, आणि हे मॅनेजरसमोर आकड्यांनिशी मांडावे लागते.

कारण दुसरे: काम आडवे कापलेले असणे

हे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण ते बोर्डावर दिसत नाही. समजा, नागरिकाने ऑनलाइन अर्ज भरताना कागदपत्र जोडायचे आहे. या कामाचे ‘डेटाबेसमधील टेबल’, ‘सर्व्हरवरील एपीआय’ (स्क्रीन आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग) आणि ‘स्क्रीन’ असे तीन तुकडे केले जातात आणि तीन माणसांना वाटले जातात. तिघेही आपापला तुकडा आठवड्यात संपवतात, तीन कार्डे जवळजवळ पूर्ण होतात आणि मग एकत्र जोडण्याच्या वेळी खरे प्रश्न उभे राहतात: स्क्रीन फाइल एका स्वरूपात पाठवते, एपीआयला ती दुसऱ्याच स्वरूपात हवी असते, आणि एका अर्जाला अनेक कागदपत्रे जोडता येतील हे टेबल बनवणाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. तीन तुकडे ‘पूर्ण’ असूनही नागरिकाला एकही कागद जोडता येत नाही. अवघड भाग जोडण्यात होता आणि तो शेवटी ठेवला गेला.

हेच काम उभे कापावे. पहिला तुकडा असा: नागरिक एकच पीडीएफ फाइल जोडतो, ती साठवली जाते आणि अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला उघडून दिसते. बाकी काही नाही. या तुकड्यात स्क्रीन, एपीआय आणि डेटाबेस तिन्ही येतात, पण प्रत्येकाचा अगदी थोडा भाग. तो दोन-तीन दिवसांत टेस्ट सर्व्हरवर चालताना दिसतो आणि जोडणीतले गैरसमज पहिल्याच आठवड्यात उघडे पडतात. दुसरा तुकडा एकाहून अधिक फाइलींचा, तिसरा फाइलीच्या आकाराच्या मर्यादेचा आणि चुकीच्या प्रकारची फाइल नाकारण्याचा, चौथा अपलोड मध्येच तुटल्यास काय करायचे याचा, पाचवा व्हायरस तपासणीचा. यातला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ असे निर्विवाद सांगता येतो. रिलीजची तारीख जवळ आली आणि वेळ कमी पडला तर कोणता तुकडा मागे ठेवायचा यावर क्लायंटशी अर्थपूर्ण बोलणेही करता येते. आडव्या तुकड्यांत मागे ठेवण्यासारखे काही नसते.

आकाराचा एक व्यवहारी निकष असा, की एखादे कार्ड सुरू केल्यापासून तीन-चार दिवसांत मुख्य ब्रँचमध्ये जाईल असे वाटत नसेल तर ते सुरू करण्यापूर्वी पुन्हा कापावे. “हे याहून लहान होऊच शकत नाही” असे उत्तर आले तर पहिल्या तुकड्यात कोणत्या अटी वगळता येतील हे विचारावे. एकच प्रकारचा वापरकर्ता, एकच मार्ग, चुका न करणारा वापरकर्ता, थोडा डेटा अशा मर्यादा घालून जवळजवळ प्रत्येक काम लहान करता येते, अर्थात त्या मर्यादा पुढच्या कार्डांत लेखी नोंदवल्या असतील तरच.

रिव्ह्यूची रांग

रिव्ह्यूसाठी लागणारा वेळ फार नसतो, तो सुरू व्हायला लागणारा वेळ फार असतो. हजार-बाराशे ओळींची पुल रिक्वेस्ट समोर आली की ती ‘निवांत वेळ मिळाला की पाहू’ या वर्गात जाते, आणि निवांत वेळ मिळत नाही. दीडशे ओळींचा बदल जेवणाआधीच्या अर्ध्या तासात पाहून होतो. म्हणून लहान तुकड्यांचा फायदा इथेही मिळतो. त्याबरोबर एक साधा करार टीममध्ये करावा: पुल रिक्वेस्टला पहिला प्रतिसाद एका कामकाजी दिवसाच्या आत मिळेल आणि सकाळी स्वतःचे काम उघडण्याआधी प्रत्येक जण प्रलंबित रिव्ह्यू पाहील. ओळींमधील मोकळ्या जागा, कंसांची मांडणी, नावांची पद्धत यांवरच्या टिप्पण्या माणसाने करूच नयेत. ते काम फॉर्मॅटर आणि लिंटर या कोडची मांडणी आपोआप तपासणाऱ्या साधनांवर सोपवावे, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याचे लक्ष ‘शेवटचा दिवस निवडीत येतो का’ अशा प्रश्नांकडे राहील.

लांबलेल्या ब्रँच आणि फीचर फ्लॅगबद्दल एक सावधगिरी

मुख्य ब्रँचपासून दोन-तीन आठवडे वेगळी राहिलेली ब्रँच परत आणताना कॉन्फ्लिक्ट येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून त्रासदायक प्रकार म्हणजे कॉन्फ्लिक्ट न येता मर्ज व्हावे आणि दोन बदल एकत्र आल्यावर वागणूक चुकावी. असे दोष गिटला दिसत नाहीत, फक्त चाचण्यांना दिसतात. उपाय हाच, की रोज किंवा निदान एक दिवसाआड मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करावे, प्रत्येक मर्जनंतर स्वयंचलित चाचण्या चालाव्यात आणि अर्धवट फीचर वापरकर्त्यांना दिसू नये म्हणून ते फ्लॅगच्या, म्हणजे कोडचा भाग चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, मागे बंद ठेवावे.

मात्र फ्लॅग वापरायला सुरुवात केली की ते काढून टाकण्याचीही शिस्त हवी. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी जे घडले ते सार्वजनिक नोंदीत आहे. अनेक वर्षे न वापरलेल्या जुन्या कोडचा फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला गेला आणि नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर पोहोचला. आठव्या सर्व्हरवर तो फ्लॅग चालू होताच जुना कोड जागा झाला, त्याने बाजारात नको असलेल्या ऑर्डरींचा पूर ओतला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर्सहून अधिक नुकसान झाले. त्यामुळे फ्लॅग तयार करतानाच तो काढण्याचे कार्ड बोर्डावर टाकावे, जुन्या फ्लॅगचे नाव नव्या कामाला कधीही देऊ नये आणि डिप्लॉय झाल्यावर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) प्रत्येक सर्व्हरवरील आवृत्ती एकच आहे याची स्वयंचलित खात्री करावी.

टेस्ट सर्व्हर आणि बाहेरच्यांवरचे अवलंबन

एकच टेस्ट सर्व्हर तीन टीममध्ये वाटलेला असेल तर रांग लागणारच. कंटेनर (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यात चालवण्याची सोय) वापरून प्रत्येक ब्रँचसाठी तात्पुरते एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चाचणीची व्यवस्था, उभे करता आले तर प्रश्न मुळातून सुटतो. ते लगेच शक्य नसेल तर निदान सर्व्हर कोणाकडे कधीपर्यंत आहे याचे वेळापत्रक सर्वांना दिसेल असे ठेवावे. बऱ्याचदा सर्व्हर अडवलेला असतो, पण प्रत्यक्षात कोणी वापरत नसते.

दुसऱ्या टीमच्या किंवा क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलेले काम ‘चालू’ रकान्यात ठेवू नये. त्यावर ‘ब्लॉक्ड’ अशी खूण करून कोणाकडून काय हवे आहे, कधी मागितले आणि पुन्हा कधी विचारायचे हे कार्डावरच लिहावे. दुसऱ्या टीमचा एपीआय तयार व्हायचा असेल तर त्याच्या विनंत्या आणि उत्तरे यांचा आराखडा आधी लेखी पक्का करावा आणि तो पाळणारा नकली सर्व्हर उभा करून आपले काम पुढे न्यावे. आराखडा पक्का नसताना अंदाजाने लिहिलेला कोड हेच पुढे ‘थोडेसे राहिलेले’ काम होते.

‘झाले’ या शब्दाचा करार

प्रोग्रामरच्या तोंडचे ‘झाले’, टेस्टरच्या तोंडचे ‘झाले’ आणि क्लायंटच्या तोंडचे ‘झाले’ यांत अंतर असते. ते मिटवण्यासाठी टीमने एकत्र बसून काम पूर्ण झाल्याचे निकष लिहून काढावेत. त्यात कोड मुख्य ब्रँचमध्ये आहे, स्वयंचलित चाचण्या पास झाल्या आहेत, टेस्ट सर्व्हरवर तपासणी झाली आहे आणि काम मागणाऱ्याने ते पाहून होकार दिला आहे एवढे तरी असावे. यात एक निकष मी आग्रहाने घालायला सांगेन, तो म्हणजे खऱ्याइतक्या मोठ्या डेटावर चालवून पाहणे. पाचशे ओळींच्या टेबलावर क्षणात उत्तर देणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वीस लाख ओळींवर कित्येक मिनिटे घेऊ शकते, कारण ज्या कॉलमवर शोध चालतो त्यावर इंडेक्सच (झटपट शोधासाठीची सूची) नसतो. आणि हे रिलीजच्या दिवशी कळले तर ‘पूर्ण’ झालेले काम पुन्हा उघडावे लागते. चुकीची माहिती भरल्यावर काय होते, परवानगी नसलेल्या वापरकर्त्याने तीच स्क्रीन उघडली तर काय होते आणि रिलीज मागे घ्यावे लागल्यास डेटाबेसमधील बदल कसे परत फिरवायचे, हे तीन प्रश्नही काम सुरू करताना विचारले तर पुढचे दिवस वाचतात.

याला जोडून टक्केवारी विचारणे बंद करावे. कार्ड एक तर पूर्ण असते किंवा अपूर्ण. आढावा घेताना “किती झाले?” याऐवजी “काय राहिले आहे, ते आत्ता कोणाकडे आहे आणि कधीपासून?” असे विचारावे. या प्रश्नाचे खरे उत्तर मिळायचे असेल तर ते देणाऱ्याला बोलणी बसता कामा नयेत. “अजून तीन दिवस लागतील” असे सांगणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला गेला, की पुढच्या आठवड्यापासून सगळी कामे पुन्हा नव्वद टक्के होऊ लागतात. अंदाज हा अंदाजच राहू द्यावा. तो सांगितल्याबरोबर वचन म्हणून क्लायंटच्या पत्रात गेला तर पुढच्या वेळी माणूस एक तर दुप्पट दिवस सांगतो किंवा उरलेले काम लपवतो.

उपाय लागू पडला हे कसे ओळखावे

दर आठवड्याला दोन गोष्टी मोजाव्यात. पहिली, पूर्ण झालेल्या कार्डांना लागलेले दिवस. त्यांची सरासरी न काढता मधला आकडा (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) आणि ज्या दिवसांच्या आत ८५ टक्के कार्डे संपली तो आकडा पाहावा, कारण दोन-तीन फार रेंगाळलेली कार्डे सरासरी बिघडवतात. दुसरी, आत्ता उघड्या असलेल्या प्रत्येक कार्डाचे वय. हा दुसरा आकडा अधिक उपयोगी, कारण तो काम अडकल्यावर नव्हे तर अडकत असताना कळवतो. एखादे कार्ड त्या ८५ टक्क्यांच्या आकड्याजवळ आले की रोजच्या बैठकीत सर्वप्रथम त्यावरच बोलावे.

सुरुवातीचे काही आठवडे आकडे बिघडलेले दिसतील. मर्यादा घातल्यावर जुनी, महिनोन्महिने पडून असलेली कार्डे एकामागून एक बंद होऊ लागतात आणि त्यांचे प्रचंड कालावधी हिशेबात येतात. हे सुधारणेचेच चिन्ह आहे, पण वरिष्ठांना आधी सांगून ठेवले नाही तर नेमक्या याच वेळी प्रयोग थांबवण्याचा हुकूम येतो. या काळात उघड्या कार्डांची संख्या घटते आहे का, एवढेच पाहावे.

हे आकडे टीमचे आहेत. ते व्यक्तीच्या नावासमोर लावले किंवा वार्षिक मूल्यमापनात घेतले, की त्यांचा उपयोग संपतो. मग कार्ड बंद करून उरलेले काम ‘नवा बग’ म्हणून दुसऱ्या कार्डावर टाकले जाते. तसे होत असल्याची शंका असेल तर बंद झालेल्या कार्डांपैकी किती पुन्हा उघडली गेली आणि बंद केल्यापासून दोन आठवड्यांत त्याच भागात किती बग नोंदले गेले हे सोबत पाहावे.

एवढे करूनही कामे अडकत असतील तर

काही कामे मुळातच शोधाची असतात: एखादी लायब्ररी हवा तो भार पेलेल का, जुन्या प्रणालीतून डेटा काढता येईल का. त्यांना इतर कामांसारखा अंदाज लावू नये. दोन दिवस ठरवून द्यावेत आणि त्या दोन दिवसांनंतर कोड नव्हे, तर उत्तर मागावे. ‘अजून माहीत नाही’ हेही उत्तर चालेल, मात्र पुढचे दोन दिवस द्यायचे की नाहीत हा निर्णय तेव्हा नव्याने घ्यावा.

चाचण्या नसलेला जुना कोड हे दुसरे ठिकाण. तिथे प्रत्येक बदल तपासायला माणूस लागतो, म्हणून टेस्टिंगची रांग कधीच संपत नाही. सगळ्या कोडला चाचण्या लिहिण्याचा संकल्प सोडून द्यावा. ज्या फाइलीला हात लावायचा आहे तिची आजची वागणूक, चूक असो वा बरोबर, आधी चाचणीत बांधून घ्यावी आणि मगच बदल करावा. ज्या फाइली गेल्या वर्षभरात सर्वाधिक वेळा बदलल्या त्यांची यादी गिटच्या इतिहासातून काढता येते, आणि बहुतेक वेळा ती यादी छोटीच निघते.

तिसरे ठिकाण म्हणजे एकच जाणकार. अडकलेल्या कार्डांचा माग काढताना प्रत्येक कागदावर एकाच माणसाचे नाव येत असेल, मग तो डेटाबेस सांभाळणारा असो, डिप्लॉयची परवानगी असलेला असो किंवा पेमेंटचा कोड समजणारा एकमेव प्रोग्रामर असो, तर त्याच्यावरचे ओझे मोजूनच पुढचे पाऊल टाकावे. त्याला आणखी वेगाने काम करण्यास सांगून उपयोग नाही. पुढच्या दोन स्प्रिंटसाठी त्याच्या नावावर एकही कार्ड टाकू नये; त्याच्या वाट्याचे प्रत्येक काम दुसऱ्याने कीबोर्ड हातात घेऊन करावे आणि त्याने शेजारी बसून सांगावे. या काळात त्या कामांची गती कमी होईल, हे क्लायंटला आधीच लेखी कळवून ठेवावे.